रजेचा रांजण

घरी ती धाकटी होती आणि कंपनीत ताई. हा बदल रोज सकाळी कंपनीच्या फाटकात व्हायचा. घरात थोरलीचा हुकूम चाले: डबा घेतलास का, छत्री घे, पन्नाशी आली तरी तुला भांग सरळ पाडता येत नाही. फाटकातून आत पाऊल टाकलं की पहारेकरी उठून उभा राहायचा, 'ताई' म्हणायचा, आणि तिथपासून संध्याकाळपर्यंत लोकांची आजारपणं, लोकांची भांडणं, लोकांच्या पोरांचे शाळाप्रवेश तिच्या टेबलावर येऊन पडायचे. ती कार्मिक विभागाची प्रमुख होती. विभागात ती होती, हजेरी-रजा बघणारा एक टाइमकीपर होता आणि एक कपाट होतं. टाइमकीपर म्हणायचा, "आपल्या तिघांत सगळ्यात जास्त काम कपाट करतं."

कंपनी चष्म्याच्या काचा बनवायची. तळमजल्यावर घासकाम चाले. तिथे बोलायचं तर ओरडावं लागे. पहिल्या मजल्यावर पॉलिश. तिथल्या यंत्रांवर पाण्यात कालवलेली गुलाबी पूड सतत ओघळत असायची, आणि माणसांच्या नखांत, बाह्यांवर, कानांच्या पाळ्यांवरसुद्धा तो रंग बसलेला असायचा. सर्वांत वर तपासणी. तिथे बायका काळ्या पडद्याआड बसून एकेक काच दिव्यासमोर धरत आणि ओरखडा दिसला की ती बाद काचांच्या खोक्यात टाकत. दिवसभर दोष बघून नजर अशी होते की घरी गेल्यावर नवऱ्याकडे बघवत नाही, असं त्या हसत सांगायच्या.

ताई इथे टायपिस्ट म्हणून लागली होती. आई लवकर गेली, मग वडील. थोरलीनं शिक्षण सोडून शिवणयंत्र घेतलं आणि लोकांचे कपडे शिवून धाकटीला शिकवलं. थोरलीला लग्नासाठी विचारणा झाल्या, नाही असं नाही. प्रत्येक वेळी तिनं "धाकटीचं काय?" असा प्रश्न केला आणि उत्तर यायच्या आतच नकार कळवून टाकला. पुढे धाकटीनंही लग्न केलं नाही. का केलं नाही, हे दोघींनी एकमेकींना कधी विचारलं नाही. काही घरांत असा एक प्रश्न असतो. तो फर्निचरसारखा असतो, त्याला वळसा घालून चालायची सवय होते.

इतकी वर्षं शिवणयंत्राशी वाकलेल्या थोरलीला सांध्यांच्या आजारानं धरलं. सकाळी तिची बोटं उघडत नसत. कोमट पाण्याच्या भांड्यात हात बुडवून ती खिडकीशी बसायची. धाकटी डब्याची घाई करत आत-बाहेर करायची आणि विचारायची, "झालं का गं?"

"अजून दुकान उघडलं नाही," थोरली म्हणायची. "गिऱ्हाइकानं थांबावं."

डॉक्टरांनी इंजेक्शनं सांगितली. ती आयुष्यभर घ्यायची होती आणि ताईच्या पगारात ती मावणारी नव्हती. कंपनीचा विमा होता. त्यात नवरा किंवा बायको, मुलं, आई-वडील, असे तीन रकाने होते. ताईकडे त्या रकान्यांत घालायला कुणी नव्हतं, आणि जी होती तिला रकाना नव्हता. हा विमा ती स्वतः बघत असे. दर वर्षी शेकडो लोकांचे रकाने तिच्या हाताखालून जात.

मग तिला इतरांचेही न बसणारे रकाने दिसू लागले. कंपनीच्या पाळणाघराचा लाभ ज्याला मिळायचा त्या गोदामातल्या माणसाची मुलं मिशा राखून होती. फाटकासमोरच राहणाऱ्या बाईच्या नावावर बसमधली जागा होती. मुलांच्या शाळेसाठी मिळणारा भत्ता ज्यांना मुलं नव्हती त्यांच्या वाट्याला येतच नसे, आणि त्यांनी तो कधी मागितलाही नव्हता. मागायचा म्हणजे आधी ते दुःख टेबलावर ठेवावं लागलं असतं. ताईनं ठरवलं की कंपनीनं प्रत्येकाला सारख्याच मोलाच्या सवलती द्याव्यात, पण त्यातलं काय घ्यायचं ते ज्यानं त्यानं निवडावं. कुणाला विमा मोठा हवा, कुणाला शिक्षण, कुणाला सुट्टी. कागदावर तिनं त्याला 'लवचिक लाभ योजना' असं नाव दिलं. कारखान्यात ते कुणाच्याच जिभेवर बसलं नाही. लोक तिला 'ज्याचं-त्याचं' म्हणू लागले.

वरच्यांना पटवायला वेळ लागला. निर्णय तिघांच्या हातात होता. एक मालक, ज्यांनी एका शेडमध्ये ही कंपनी सुरू केली होती. आता ते थकले होते आणि त्यांना ऐकू कमी येई. दुसरी त्यांची मुलगी, मॅडम. सगळा कारभार आता तीच बघे. तिसरे हिशेब बघणारे साहेब. त्यांना त्यांच्या पाठीमागे सगळी कंपनी 'ब्रेक' म्हणायची, कारण गाडी कुठलीही असो, त्यांचा पाय एकाच जागी असायचा. ताईनं योजना मांडली की मालक मान डोलवत, मॅडम घड्याळ बघत आणि ब्रेक विचारत, "आत्ता काय बिघडलंय?" एकदा असं झालं, मग पुन्हा असंच झालं.

तिसऱ्या खेपेला ताई तीन चष्मे घेऊन बैठकीला गेली. तपासणीतल्या बायकांकडून काचा घेऊन तिनं ते मुद्दाम बनवून घेतले होते. तिन्ही एकाच नंबरचे. तिनं तिघांसमोर एकेक ठेवला.

"आपापले चष्मे काढा आणि आजचा विषय यातून वाचा," ती म्हणाली.

मालकांनी चष्मा उलटसुलट करून बघितला. "हा माझा नाही."

"माहितीय, साहेब. पण कंपनीचा आहे. फुकट आहे. काचाही चांगल्या आहेत."

मालकांनी तो घातला. कागद लांब धरला, मग नाकाजवळ आणला, मग टेबलावर ठेवून दिला. मॅडमनी चष्मा घातला आणि ताबडतोब काढून डोळे चोळले. ब्रेकना मात्र तो नेमका बसला. "मला तर छान दिसतंय," ते म्हणाले.

"एकाला बसतोच," ताई म्हणाली. "म्हणून तर इतकी वर्षं चाललंय."

मालकांना हे दुसऱ्यांदा मोठ्यानं सांगावं लागलं. मग ते बराच वेळ हसले, खोकला येईपर्यंत. "आपण जगाला सांगत फिरायचं की प्रत्येक डोळा वेगळा," ते मुलीला म्हणाले, "आणि घरच्यांना एकच नंबर. ही टायपिस्ट होती, ठाऊक आहे तुला? आमच्या पत्रांतल्या चुका न सांगता सुधारायची."

दार किलकिलं झालं होतं. ते ब्रेकनी पायानं अडवलं. योजना त्यांनी आधीच नीट वाचली होती, आणि माणूस खोटा नव्हता. ते म्हणाले, "लोक निवडायला लागले की प्रत्येक जण पूर्ण वापरणार. आज अर्धे लोक न वापरता सोडून देतात, त्यावर हे चाललंय. वाढीव पैसा कुठून आणायचा? माझ्याकडे झाड नाही."

मॅडमनी पुन्हा घड्याळ बघितलं. ताईला ती नजर चांगली माहीत होती. आणि मग, आधी न ठरवता, न लिहिता, ती बोलून गेली, "रांजण आहे ना."

रांजण हा प्रकार दुसऱ्या कुठल्या कंपनीत नसेल. शेडच्या काळात घासकामातल्या एकाचा मुलगा अपघातात सापडला, आणि बापाच्या रजा संपल्या. तेव्हा सोबतच्यांनी आपापल्या उरलेल्या रजा टाइमकीपरकडे सांगून टाकल्या, की याच्या नावावर लावा. टाइमकीपरनं त्या एकत्र केल्या आणि त्याला लागतील तशा दिल्या. पुढे ती रीतच पडली. वर्षाच्या शेवटी ज्याच्या रजा उरतील त्या रांजणात जात. ज्याच्यावर वेळ येईल तो टाइमकीपरपाशी येऊन नुसतं "जरा लागेल" म्हणे. कुणी किती टाकली, कुणाची कुणाला गेली, याची नोंद कुणी ठेवत नसे, आणि विचारणं तर फारच असभ्य समजलं जाई. आज घरी बसलोय तो दिवस कुणाचा, हे घरी बसलेल्याला कळत नसे, म्हणून त्याला उद्या कुणासमोर मान खाली घालावी लागत नसे. रांजणात वर्षानुवर्षांच्या रजा साठल्या होत्या. ब्रेकच्या लेखी ते कंपनीच्या डोक्यावरचं देणं होतं, आणि दर वर्षी ऑडिटर त्यावर बोट ठेवून विचारत, हे काय आहे, हे कुणाचं आहे. त्यांना देण्यासारखं उत्तर ब्रेककडे नव्हतं.

"साठलेलं सोडून द्यायचं," ताई म्हणाली. "डोक्यावरचं देणं गेलं की तुमचं झाड सापडेल. इथून पुढे उरलेली रजा ज्याची त्याच्याकडेच राहील. तिच्या बदल्यात त्यानं हवी ती सवलत घ्यावी. नाहीतरी ती कुणाची आहे हे आज कुणालाच माहीत नाही."

ब्रेकनी पेनाचं टोपण उघडलं. त्यांना पहिल्यांदाच एखाद्या गोष्टीला हो म्हणायची घाई झालेली दिसली.

मालक म्हणाले, "रांजण काढायचा?"

"लोकांना विचारून, साहेब."

त्या क्षणी तिच्या डोळ्यांसमोर थोरलीचे पाण्यातले हात होते. हे खरं आहे. ते पुरेसं आहे का, हे तिला पुढे कुणी विचारलं नाही, म्हणून ती स्वतःलाच विचारत राहिली.

लोकांना तिनं विचारलं. जेवणघरात सगळे जमले. नव्या मुलांना रांजण नीट ठाऊकही नव्हता. त्यांच्या लेखी ती म्हाताऱ्यांची काहीतरी भानगड होती. आपली रजा आपल्याला मिळणार, तिच्यात दात, डोळे, शिक्षण, प्रवास काय हवं ते घेता येणार, हे ऐकून हात भराभर वर गेले. पॉलिशमधल्या दादांनी मात्र हात वर केला तो बोलण्यासाठी.

दादा पॉलिश खात्यातले सर्वांत जुने. काच गालाला लावून ते सांगत, अजून एक फेरा हवा. आयुष्यात त्यांनी रजा अशी घेतलीच नव्हती. दर वर्षी त्यांची जवळजवळ सगळी रांजणात जायची. नेमकी किती, हे ठाऊक असणारी दोनच माणसं होती, टाइमकीपर आणि ताई.

"ताई, बाकी सगळं करा," दादा म्हणाले. "रांजण तेवढा असू द्या."

"दादा, तुमची रजा आता तुमचीच राहणार आहे. कुणी हात लावणार नाही. तुम्ही मजेत वापरा."

"मला माझी नकोय हो. मला एखाद दिवशी लोकांची लागेल."

सगळे हसले. ताईसुद्धा हसली. मागून कुणीतरी म्हणालं, "दादा, आधी स्वतःची तर संपवा. घरी बसलात तर वहिनीच हाकलतील कामावर."

"ती हाकलतेच," दादा म्हणाले आणि खाली बसले.

योजनेत ताईनं एक कलम स्वतः आग्रहानं घातलं. एकाची रजा दुसऱ्याला देता येणार नाही. खातेप्रमुखांनी नव्या पोरांच्या रजा गोड बोलून लाटू नयेत, एवढाच तिचा हेतू होता. चांगलं कलम होतं. ब्रेकनी त्याचं कौतुक केलं.

पहिलं वर्ष आनंदाचं गेलं, हे लपवण्यात अर्थ नाही. फाटकासमोरच्या बाईनं बसची जागा सोडून लेकीला संगणकाच्या वर्गाला घातलं. गोदामातल्याच दुसऱ्या एका बिनलग्नाच्या गृहस्थांनी, ज्यांना कधीच काही नको असायचं, पोहण्याचा वर्ग लावला आणि सर्दी होऊन चार दिवस घरी पडले. थोरलीचं नाव विम्यात लागलं. इंजेक्शनं सुरू झाली. हळूहळू सकाळचं पाण्याचं भांडं खिडकीतून गेलं. एके दिवशी धाकटी उठली तर थोरली गॅसपाशी उभी होती आणि कपाचा कान धरून चहा गाळत होती. धाकटीनं चहा प्यायला आणि म्हणाली, "साखर जास्त पडलीय."

"पडू दे," थोरली म्हणाली. "इतकी वर्षं तू कमी घालत होतीस."

दादांनी आपल्या उरलेल्या रजेतून दात घेतले, स्वतःसाठी आणि वहिनींसाठी. नवे दात घालून ते ताईच्या खोलीच्या दारात आले आणि उगाचच मोठं हसले. "ज्याच्या त्याच्या तोंडात," ते म्हणाले. टाइमकीपर इतका हसला की त्याला बाहेर जावं लागलं.

पुढच्या वर्षी वहिनींना पक्षाघाताचा झटका आला. दवाखान्याचा खर्च विम्यातून झाला, चोख झाला, कागद कुठे अडला नाही. ताईनं तो स्वतः बघितला. वहिनी घरी आल्या. उजवी बाजू लुळी होती आणि बोलणं गेलं होतं. गेलं म्हणजे, आवाज होता, शब्द फुटत नव्हते. जे फुटत ते एकट्या दादांना कळत. मुलगी लांब, परमुलखात. सोबतीला एक बाई ठेवून पाहिली. वहिनी पाणी मागत, ती पंखा लावी, आणि दोघी रडत. दादांच्या त्या वर्षीच्या रजा संपल्या. आधीच्या वर्षीच्या तर तोंडात बसल्या होत्या. बिनपगारी रजेला मुदत होती. ती ओलांडली की नाव पटावरून कमी.

दादा ताईच्या खोलीत आले आणि सवयीनं टाइमकीपरच्या टेबलाशी उभे राहिले.

"जरा लागेल," ते म्हणाले.

टाइमकीपरनं ताईकडे पाहिलं. दादांच्या एकदम लक्षात आलं. "हां, हां," ते म्हणाले. "विसरलोच की." आणि त्यांनी अशा आवाजात माफी मागितली, जणू चुकीच्या घराची कडी वाजवली होती.

ताई त्याच दिवशी वर गेली. मॅडमनी तिचं पूर्ण ऐकून घेतलं. घड्याळ बघितलं नाही.

"ताई, मला वाईट वाटतं," मॅडम म्हणाल्या. "पण ज्याला जे हवं ते त्यानं निवडावं आणि त्याची जबाबदारी घ्यावी, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत. त्यांनी दात निवडले. उद्या दुसरा कुणी पोहणं निवडेल आणि आजारी पडेल. रेघ कुठे मारायची?"

इतका बिनतोड मुद्दा तिनंच तयार केला होता. त्यातल्या फटी तिनं स्वतःच एकेक करून बुजवल्या होत्या.

ब्रेक म्हणाले, "रांजण पुन्हा आणता येणार नाही. पण मी एक करतो." ते थांबले. ब्रेकच्या तोंडून 'मी करतो' हे शब्द कुणी ऐकले नव्हते. "कुणाला स्वतःच्या खुशीनं दादांना रजा द्यायची असेल तर नावानिशी लिहून द्यावं. कोण, किती. त्याशिवाय मी ते हिशेबात बसवू शकत नाही. एवढा एक अपवाद."

मालक कोपऱ्यात बसले होते. हल्ली ते क्वचितच येत. त्यांना किती ऐकू आलं होतं कुणास ठाऊक. ताई उठली तेव्हा ते म्हणाले, "रांजण मी नव्हता केला. लोकांनी केला होता. आपण तिघा-चौघांनी बसून तो फोडला, आणि मी चष्म्याला हसत होतो."

ताई खात्याखात्यांतून फिरली. घासकामात तिला ओरडून सांगावं लागलं, आणि ओरडून मागितलेली गोष्ट कशी दिसते हे तिला तिथे कळलं. कुणी नाही म्हणालं नाही. पण एकाच्या रजेवर मुलाची फी ठरलेली होती, दुसऱ्यानं आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायची तारीख घेतली होती. पूर्वी वर्षाच्या शेवटी जे उरायचं ते द्यायचं असे. आता उरत काहीच नव्हतं, प्रत्येक रजेवर आधीच कुणाचं तरी नाव होतं. शिवाय देणाऱ्याचं नाव आता दिसणार होतं, म्हणजे न देणाऱ्याचंही दिसणार होतं. लोक यंत्राकडे बघत बोलू लागले. ती समोरून गेली की मागे शांत व्हायचं. तरीही काहींनी दिल्या. तपासणीतल्या बायकांनी दिल्या, त्यांतल्या एका अगदी नव्या मुलीनं तर सगळीच दिली, आणि टाइमकीपरनं आपल्या सहीखालची ब्रेकची सही दाखवली. त्यांनीही दिली होती. फार काळ पुरणार नव्हतं, पण काही आठवडे निघाले असते.

दादांनी ती नावं वाचली. सावकाश, एकेक. मग त्यांनी कागद ताईकडे परत सरकवला.

"नको."

"दादा, लोकांनी खुशीनं दिलंय."

"खुशीनंच दिलंय. म्हणून तर." त्यांनी गुलाबी नखानं त्या नव्या मुलीच्या नावाखाली रेघ ओढल्यासारखं केलं. "हिची रजा मी घरी बसून खायची. मग एखाद दिवशी ही तापानं फणफणत कामावर आलेली मला दिसणार, कारण हिची रजा माझ्या घरात. मी हिच्या समोरून जिना कसा चढू?"

"पूर्वीही कुणाची तरी असायचीच ना, दादा?"

"असायची की. पण ती रांजणाची असायची." ते उठले. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. सगळ्यांनी हात वर केले होते. तुम्ही विचारलं होतंत."

तिनं विचारलं होतं. तेच तिला पुढे कुठल्याही कुशीवर झोपू देईना. विचारलं नसतं, वरून लादलं असतं, तर निदान लोकांना तिला बोल लावता आला असता.

दादांनी राजीनामा पाठवला. सेवानिवृत्ती तशी जवळ होती, पण पूर्ण सेवा आणि अपुरी सेवा यांत पैशांचा जो फरक पडतो तो पडणारच होता. ताईनं तो कागद तसाच ठेवला आणि स्वतःची रजा टाकून एका सकाळी त्यांच्या घरी गेली. रजा देता येत नसली तरी वेळ देता येईल, असं तिच्या मनात आलं होतं. मी सकाळी वहिनींपाशी बसते, दादा, तुम्ही पहिली पाळी करा; राजीनामा मी फाडते. वाटेत तिनं हे बोलणं चार प्रकारे जुळवून पाहिलं.

दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत दादा भाजी निवडत बसले होते. आतल्या खोलीत वहिनी भिंतीला उशा लावून टेकल्या होत्या. त्यांचे केस कुणीतरी विंचरले होते. भांग वाकडा होता. ताई पलंगापाशी उभी राहिली आणि म्हणाली, "वहिनी, ओळखलंत ना?"

वहिनींनी डोळे हलवले. मग त्या काहीतरी म्हणाल्या. ताईनं पाण्याचा पेला पुढे केला. त्यांनी मान फिरवली आणि तेच पुन्हा म्हणाल्या. ताईनं पांघरूण वर घेतलं, मग खाली केलं. खिडकी उघडली. वहिनींचा आवाज चढला. डोळ्यांत पाणी जमू लागलं. ताईनं उशी सरळ करायला हात घातला तेव्हा त्यांनी डाव्या हातानं तो बाजूला केला.

"दादा," ताईनं हाक मारली.

दादा दारात आले. वहिनी पुन्हा म्हणाल्या. "ती म्हणतेय, बसा," दादा म्हणाले. "आल्यापासून उभ्याच आहात."

ताई बसली. जे बोलायचं ठरवून आली होती ते तिनं काढलंच नाही. साधं 'बसा' तिला कळलं नव्हतं. दादांनी बाहेरच्या खोलीतून चहाचा कप आणला, तिच्या हातात दिला आणि दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले.

"तो कागद पुढे पाठवा आता," ते हळू म्हणाले. "अडकवून ठेवू नका. पैसे सुटायला बरं पडेल."

"पाठवते."

"नवा माणूस ठेवलात का माझ्या यंत्रावर?"

"अजून नाही."

"ठेवा. यंत्र बंद राहिलं की गुलाबी पूड नळीत बसते. मग निघत नाही."

ताईनं चहाचा घोट घेतला. मग दादा म्हणाले, "तुमच्या बहिणीचे हात कसे आहेत?"

हा प्रश्न त्यांनी टोमणा म्हणून विचारला असता तर ताईला उत्तर देणं सोपं गेलं असतं. पण दादांना टोमणा मारता येत नसे. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"बरे आहेत," ती म्हणाली. मग, खोटं बोलायचं नाही म्हणून, पूर्ण सांगितलं. "खूप बरे आहेत. चहा आता तीच करते."

दादांचा चेहरा उजळला. नव्या दातांनी ते हसले. "ऐकलंस का?" ते पलंगाकडे वळून मोठ्यानं म्हणाले. "ताईंच्या बहिणीचे हात सुटले. चहा करते आता स्वतः."

वहिनींनी ताईकडे पाहिलं. त्या बोलू लागल्या. या वेळी एक-दोन आवाज नव्हते. त्या बराच वेळ बोलल्या, मध्ये थांबून, श्वास घेऊन, पुन्हा. डावा हात चादरीवर उघडत-मिटत होता. दादा मान खाली घालून ऐकत होते.

"काय म्हणाल्या?" ताईनं विचारलं.

दादांनी बाहीला चिकटलेलं भाजीचं एक पान बोटांनी चुरलं.

"काही नाही," ते म्हणाले. "बरं झालं म्हणते."

त्या याहून पुष्कळ काही बोलल्या होत्या, एवढं ताईला न कळण्यासारखं नव्हतं. तिनं पुन्हा विचारलं नाही. कप खाली ठेवून ती आणखी थोडा वेळ बसून राहिली, कारण वहिनींनी तिला बसायला सांगितलं होतं.